पूर्व-पश्चिम भेटीची कथा कशी लिहावी : पुण्याजवळच्या एका कुंभाराच्या निमित्ताने

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आले. पत्राखाली पूर्ण नाव नव्हते, फक्त ‘बी. एल.’ ही आद्याक्षरे होती. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी, ज्याचे नाव पत्रात ‘कावसजी’ असे उमटले आहे, १७९२ च्या म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला, आणि मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने (पुढे मी त्याला ‘कुंभार’ म्हणतो) त्याच्याच कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन शल्यवैद्यांनी ही क्रिया होताना पाहिली आहे, असे पत्र सांगते. वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यवैद्याने त्याच रीतीने एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक बसवले आणि १८१६ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. युरोपात या पद्धतीचा प्रसार झाला तो तिथून.

पूर्व आणि पश्चिम यांच्या गाठीभेटीवर मराठीत कथा लिहू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे, आणि त्यातील प्रत्येक पायरी समजावण्यासाठी मी हाच एक प्रसंग शेवटपर्यंत वापरणार आहे. अशा कथा बहुतेक वेळा फसतात, कारण लेखक ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ या दोन कल्पनांना समोरासमोर बसवतो आणि त्यांच्याकडून भाषणे करवून घेतो. प्रत्यक्षात माणसे कामासाठी भेटतात. म्हणून कथेला सुरुवातीपासून एकच प्रश्न विचारत राहावे : या भेटीत कोणाकडून कोणाकडे काय गेले, आणि त्याची किंमत कोणी मोजली?

पहिली पायरी : प्रसंग लहान निवडावा

‘पेशवाईतील इंग्रज’ हा कथेचा विषय होऊ शकत नाही, तो ग्रंथाचा विषय आहे. कथेला एक अंगण, तीन-चार माणसे आणि मोजके दिवस पुरतात. प्रसंग निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. त्यात हाताने करण्याचे काही काम आहे का, त्या कामाला आरंभ आणि शेवट आहे का, आणि त्या कामात दोन्ही बाजूंचे काही पणाला लागले आहे का.

या कसोट्यांवर नाकाचा प्रसंग फार समृद्ध आहे. पत्रातला वृत्तान्त असा : आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याला आकार द्यायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ आखायची. त्या रेघेप्रमाणे कातडी सोडवायची, पण दोन्ही डोळ्यांच्या मधली एक पट्टी जोडलेली ठेवायची, कारण रक्ताचा पुरवठा तिच्यातूनच होतो. कातडी खाली वळवून बसवायची आणि सांध्यावर पाण्यात मऊ केलेल्या काताच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवस त्याला हात लावायचा नाही, नंतर तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापायची.

कथेचा आराखडा इथे आयताच मिळतो. पहिला, चौथा, दहावा आणि पंचविसावा दिवस अशी चार दृश्ये होतात, आणि प्रत्येक दृश्यात काहीतरी बिघडण्याची शक्यता आहे. पाचवे दृश्य हवे असल्यास तेही इतिहासाने ठेवले आहे : जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९४ च्या सुरुवातीला या माणसाचे चित्र काढले, आणि त्यावरून केलेले खोदचित्र पुढे विलायतेत प्रसिद्ध झाले. ज्याचा चेहरा विद्रूप केला गेला होता, त्याला आता चेहरा दाखवण्यासाठी चित्रकारासमोर बसवले गेले. लेखकाला यापेक्षा अधिक काय हवे?

दुसरी पायरी : कागद दोन्ही बाजूंनी वाचावेत

उपलब्ध कागद कोणी, कोणासाठी आणि कशाच्या लाभासाठी लिहिला, हे आधी ठरवावे. ‘जंटलमन्स मॅगझिन’मधले पत्र सुशिक्षित इंग्रज वाचकाला एक नवल सांगते. त्यात शल्यवैद्यांची नावे आहेत, इलाख्याचे नाव आहे, रोग्याचेही कसेबसे नाव आहे. ज्याने नाक केले त्याची मात्र जात तेवढी आहे. कथेची जागा नेमकी या रिकाम्या ओळीत आहे. वृत्तान्ताने ज्याला बोलू दिले नाही त्याला बोलते करणे हे कथेचे काम आहे. पण त्याला आजच्या काळातले विचार बोलायला लावणे हे काम नव्हे.

दुसऱ्या बाजूचा कागद याच माणसांविषयी मिळेलच असे नाही, परंतु त्या जगाविषयी भरपूर आहे. चार्ल्स मॅलेट १७८६ ते १७९७ या काळात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याचे ठाणे होते. त्याच्या काळातला पुण्याचा पत्रव्यवहार जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या ‘पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स’ या मालेत वाचता येतो. सरदेसाईंनीच संपादलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड आहेत, आणि पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ उभे आहे. मोडी येत नसेल तरी छापील खंड देवनागरीत आहेत. त्यांतून राजकारण वाचण्यापेक्षा भाव, मजुरी, तक्रारी, बिदागी, सण, साथी आणि भांडणे टिपून घ्यावीत. शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आहे, उशाशी ठेवण्याच्या योग्यतेचा आहे. एखादा शब्द त्या काळच्या बोलण्यात होता की नंतर घडवला गेला, याचा अंदाज त्यावरून येतो.

टिपणे घेताना वहीचे दोन भाग करावेत. एका बाजूला नोंदलेली तथ्ये, दुसऱ्या बाजूला आपण कल्पिलेले. हे कंटाळवाणे वाटते, परंतु तिसऱ्या खर्ड्यापर्यंत लेखकाला स्वतःचीच कल्पना इतिहास वाटू लागते, आणि त्या वेळी ही वही उपयोगी पडते.

तिसरी पायरी : प्रत्येकाला काय हवे, ते ठरवावे

आता पात्रे. ‘जिज्ञासू साहेब’, ‘गरीब शेतकरी’ आणि ‘अडाणी पण ज्ञानी कारागीर’ हे तीन ठोकळे तयारच असतात, आणि कथा तिथेच मरते. त्याऐवजी प्रत्येकासाठी एक अगदी व्यावहारिक इच्छा लिहून काढावी.

गाडीवानाला नाक हवे आहे, हे उघड आहे. पण का? नकटा चेहरा त्या समाजात शिक्षेची आणि बेअब्रूची खूण होती. अनोळखी गावात शिरताना तो युद्धात जखमी झाला की व्यभिचाराची शिक्षा भोगून आला, हे कोण विचारत बसणार? त्याला आपल्या गावात, आपल्या भाऊबंदांत परत जायचे असेल. पत्र असेही सांगते की तो कंपनीचा पेन्शनर झाला होता. म्हणजे ज्यांच्यासाठी नाक गमावले त्यांच्याकडूनच पोट भरायचे होते, आणि त्यांचे मन राखणेही भाग होते.

शल्यवैद्याची इच्छा लिहिताना त्याच्या देशातला त्याचा दर्जा माहीत असावा लागतो, आणि इथे या प्रसंगातली सर्वांत मोलाची गोष्ट सापडते. लंडनमध्ये शल्यवैद्य आणि न्हावी यांची संघटना १७४५ पर्यंत एकच होती. शल्यवैद्यांच्या रॉयल कॉलेजला सनद मिळाली ती १८०० मध्ये. औषधे लिहून देणारा वैद्य विद्वान आणि सभ्य गणला जाई, चिरफाड करणारा मात्र कसबी कामगार. म्हणजे कुंभाराच्या अंगणात येऊन बसलेला हा साहेब पुण्यात साहेब असला, तरी मायदेशी हाताने काम करणाऱ्यांच्याच रांगेतला होता, आणि त्या रांगेतून वर सरकण्यासाठी त्याला एखादी नवी गोष्ट घेऊन घरी जाणे उपयोगाचे होते. दोन कारागीर समोरासमोर आहेत; दोघांनाही आपापल्या समाजातली पायरी ठाऊक आहे; आणि एकाला दुसऱ्याची पायरी दिसत नाही. एवढे हाती आल्यावर ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ हे शब्द कथेत एकदाही लिहावे लागत नाहीत.

कुंभाराला काय हवे असेल? इथे कल्पना करावी लागते, पण ती त्याच्या कामातून करावी. त्याचे खरे पोट विटांवर आहे. पावसाळा सरल्यावर माती मळायची, साच्यातून विटा पाडायच्या, वाळवायच्या, भट्टी लावायची, आणि हे सगळे पुढच्या पावसाच्या आत. ऐन हंगामात पंचवीस दिवस एका रोग्याकडे लक्ष द्यायचे म्हणजे भट्टीवर घरातल्या दुसऱ्या कोणाला उभे करायचे. त्यात टोपीकर येऊन बघत बसणार. त्याला अभिमान वाटत असेल, भीती वाटत असेल, किंवा नुसती अडचण वाटत असेल. तिन्ही वाटू द्यावे, पण एका वेळी एक.

चौथी पायरी : मधला माणूस विसरू नये

या प्रकारच्या कथांत सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक उपयुक्त पात्र म्हणजे दुभाष्या. त्या काळी इंग्रजांशी होणारा दरबारी पत्रव्यवहार मुख्यतः फारसीत चाले, इंग्रज अधिकारी कामापुरते हिंदुस्थानी बोलत, आणि कुंभाराच्या अंगणातली भाषा मराठी. त्यामुळे साहेबाचे वाक्य कुंभारापर्यंत पोहोचेतो त्यावर एका तिसऱ्या माणसाचा हात फिरलेला असे. हा माणूस ब्राह्मण कारकून असेल तर त्याचे अंगणात उभे राहणे वेगळे, कुठल्या फळीवर बसणे वेगळे, पाणी नाकारणे वेगळे. तो साहेबाला आणि कुंभाराला दोघांनाही मनातून कमी लेखत असेल, आणि दोघांचे बोलणे आपल्या सोयीने गाळत असेल.

माझ्या मते ही कथा दुभाष्याच्या खांद्यावरून सांगितली तर सर्वांत चांगली होईल. साहेबाच्या नजरेतून सांगितली तर पुणे हे प्रदर्शन होते. कुंभाराच्या नजरेतून सांगणे मोहाचे आहे, पण तिथे लेखक हमखास त्याच्या तोंडी आपला अभिमान घालतो. गाडीवान कपाळाची कातडी सोडवली जात असताना निरीक्षण करू शकत नाही. ईथरने भूल देणे सुरू झाले ते १८४६ मध्ये, हे ध्यानात असावे. दुभाष्याला मात्र सगळे ऐकू येते, सगळे अर्धेच कळते, आणि लपवण्यासारखे त्याच्याकडे काहीतरी असते. शिवाय तो खोटे बोलू शकतो, आणि कथेला खोटे बोलणारा निवेदक नेहमीच लाभदायक ठरतो.

पाचवी पायरी : संवादांची भाषा

मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर इंग्रज पात्र ‘टुम काला आदमी’ अशा बोलीत बोलते. कथेत हे टाळावे. साहेब स्वतःच्या माणसाशी इंग्रजीत बोलतो तेव्हा तो अडखळत नाही. म्हणून तो संवाद स्वच्छ, प्रवाही मराठीत लिहावा. तोच साहेब हिंदुस्थानीत बोलू लागला की वाक्ये आखूड आणि तुटक करावीत, उच्चार मात्र विद्रूप करू नयेत. वाचकाला भाषा बदलल्याचे वाक्याच्या लांबीवरून कळते.

मराठी लेखकाकडे आणखी एक साधन आहे. इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतले एक निवडावेच लागते. साहेबाचे वाक्य कुंभारापर्यंत नेताना दुभाष्या ‘तू’ म्हणेल, आणि कुंभाराचे उत्तर परत नेताना त्यात नसलेले ‘हुजूर’ घालील. कुंभार दुभाष्याला ‘पंत’ म्हणेल, गाडीवानाला ‘अरे’ म्हणेल. गाडीवान कुंभाराला ‘बाबा’ म्हणेल. पंचविसाव्या दिवशी यांपैकी एखादे संबोधन बदलले, तर तेवढ्यानेही कथेत काहीतरी घडले आहे हे वाचकाला कळेल. अशा वेळी लेखकाने स्पष्टीकरण देऊ नये.

‘पाश्चात्त्य’, ‘भारतीय’, ‘संस्कृती’ हे शब्द आजच्या अर्थाने त्या अंगणात नव्हते. ‘आज्ञापत्र’ या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फराशीस या सगळ्यांना मिळून ‘टोपीकर’ म्हटले आहे, आणि अठराव्या शतकातल्या पात्राच्या तोंडी तेच शोभेल.

सहावी पायरी : वस्तू, वेळ आणि शरीर

तपशील किती घालावेत? जेवढे कोणीतरी हाताळते, तेवढेच. भिंतीवर टांगलेल्या, कोणी न वापरलेल्या वस्तूंची यादी म्हणजे केवळ सजावट. मेण, कात, तूप, मऊ फडकी या चार वस्तू पत्राने दिल्या आहेत, आणि त्या चारही कुठल्याही घरात मिळणाऱ्या आहेत. कात विड्यात जातो, तूप भातावर. शल्यवैद्याने नवलाईने टिपलेली सामग्री कुंभाराच्या घरच्या बाईने उतरंडीतून आणि पानाच्या डब्यातून काढून दिली असेल, हे दाखवले की दोन जगांतला फरक आपोआप उभा राहतो.

वेळ मोजण्याची रीत हे दुसरे साधन. साहेबाकडे खिशातले घड्याळ आहे आणि तो मिनिटे मोजतो. अंगणात घटका आणि प्रहर आहेत, आणि एक घटका चोवीस मिनिटांची. ‘किती वेळ लागेल?’ या प्रश्नाचे उत्तर भाषांतरात कुठेतरी हरवते. कोण कुठे बसतो, जोडे कुठे उतरतात, साहेबासाठी तिवई कोणाच्या घरून आणली, हेही याच वर्गातले.

काळाची विसंगती टाळण्यासाठी एक झटपट चाळणी लावावी. कुंभाराच्या घरी चहा नाही, आगकाडी नाही, फोटो नाही. पुणे-मुंबई प्रवास बोरघाटातून, पायी, घोड्यावर किंवा पालखीतून. ‘प्लास्टिक सर्जरी’ हा शब्द निवेदकानेही वापरू नये.

आता या पायऱ्या एकत्र आल्यावर काय फरक पडतो ते पाहावे. एखाद्या पहिल्या खर्ड्यात असे असेल :

‘साहेब थक्क होऊन पाहत राहिले. पूर्वेच्या प्राचीन ज्ञानापुढे पश्चिमेचा अहंकार गळून पडला होता.’

दुसऱ्या वाक्यात कोणीही काहीही करत नाही, आणि पहिल्यात साहेब फक्त थक्क होतात. तोच क्षण असाही लिहिता येईल :

‘साहेबांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवले. कुंभाराने मेण दिव्यावर धरले, बोटांनी दाबले आणि चेहऱ्यावर बसवून पाहिले. डावी बाजू उचलली गेली. त्याने ते काढून पुन्हा तापवले. “हलू नको रे,” एवढेच म्हणाला. साहेब वहीत लिहू लागले तसा त्याचा हात थांबला. “पंत, हे काय लिहून घेतात?” मी म्हणालो, “तुझी तारीफ.” साहेबांनी मला विचारले, तो काय म्हणतो? मी म्हणालो, मेण चांगले नाही म्हणतो.’

इथे कोणाचे ज्ञान कोणाकडे जात आहे, हे तिघांपैकी फक्त एकाला पूर्ण कळते आहे, आणि तो दोन्हीकडे खोटे सांगतो आहे.

सातवी पायरी : दोन सोप्या कथांपासून सावध राहावे

या प्रसंगावर दोन कथा जवळजवळ लिहूनच तयार असतात. एका कथेत उदार, विज्ञाननिष्ठ गोरा माणूस अडाण्यांच्या देशात दडलेले रत्न ओळखतो. दुसऱ्या कथेत आपल्याकडे सगळे आधीच होते आणि गोऱ्यांनी ते चोरले. पहिली कथा आता फारशी कोणी लिहीत नाही. दुसरी मात्र दर आठवड्याला मोबाइलवर येते, त्यामुळे तिच्याविषयी अधिक सांगणे आवश्यक आहे.

सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची क्रिया आहे, हे खरे. पण तिथे कातडी गालाची घेतली आहे, आणि पुण्याजवळच्या माणसाने ती कपाळाची घेतली. म्हणजे मधल्या शतकांत कोणीतरी, बहुधा अनेकांनी, हातांनी काम करत करत पद्धत बदलली. हे काम ग्रंथ लिहिणाऱ्या वर्णाच्या हातात न राहता माती मळणाऱ्यांच्या हातात होते. ‘आपल्याकडे होते’ असे म्हणताना ‘आपण’ म्हणजे कोण, हा प्रश्न कथेत आला पाहिजे. दुभाष्याच्या पात्रामुळे तो सहज येतो, कारण त्याला ग्रंथ माहीत असेल आणि कुंभाराच्या हातचे पाणी चालत नसेल. त्याच वेळी हेही खरे की लंडनला कार्प्यूचे नाव झाले आणि पुण्याजवळच्या माणसाचे कागदावरही आले नाही. दोन्ही गोष्टी एकाच कथेत राहू द्याव्यात. एक दाखवताना दुसरी झाकली, की कथा पत्रक होते.

किंमत कोणी मोजली, या मूळ प्रश्नाचा हिशेब इथे मांडून पाहावा. इंग्रज, निजाम आणि मराठे यांनी १७९० मध्ये टिपूविरुद्ध करार केला. म्हणजे गाडीवानाचे नाक गेले त्या युद्धात पुण्याचा दरबारही एक पक्ष होता. त्याला कंपनीचे पेन्शन मिळाले. त्याचे चित्र छापले गेले. या रकमांची बेरीज कथेने करू नये, पण प्रत्येक रक्कम कुठेतरी दिसली पाहिजे : नाणी मोजण्याचा आवाज, अंगठ्याचा ठसा, ‘हे पैसे कोणाचे?’ असा प्रश्न.

आठवी पायरी : शेवट

अशा कथांचा शेवट हस्तांदोलनाने, मिठीने किंवा गोऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्याने होतो. तो खोटा वाटतो, कारण भेट संपली तरी विषमता संपत नाही. शेवटासाठी कामाकडेच परत जावे. पंचविसाव्या दिवशी पट्टी कापली गेली; आता कोण कुठे जाणार? साहेबाला नोंद पूर्ण करायची आहे आणि त्यासाठी त्याला कुंभाराचे नाव विचारावे लागेल, किंवा विचारावेसे वाटणार नाही. दुभाष्या ते विचारेल आणि सांगणार नाही, हीही एक शक्यता आहे. इतिहासातल्या रिकाम्या ओळीचे एक कारण कथेला असे देता येते, आणि ते कारण कोणाच्या दुष्टपणाशिवाय, केवळ आळसातून किंवा सोवळ्यातून आलेले असेल तर अधिक झोंबते.

लंडनमधला १८१४ चा प्रसंग शेवटी जोडण्याचा मोह होईल. जोडू नये. वाचकाला तो ठाऊक असेल किंवा नसेल. अंगणातली कथा त्याच्यावर अवलंबून असेल तर अंगणातच काहीतरी कमी पडले आहे.

उलट दिशेची कथा

आपले माणूस तिकडे गेल्याच्या कथेलाही हीच रीत लागू पडते, फक्त सत्तेची दिशा आणि एकटेपणाचे प्रमाण बदलते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, हे सर्वांना माहीत आहे, आणि त्यांच्या जीवनावर इतके लिहिले गेले आहे की नव्या लेखकाने थेट त्यांना पात्र करू नये, असे मला वाटते. पण त्यांच्या काळातला एक फोटो कथालेखकाने जवळ ठेवण्यासारखा आहे. १८८५ मधल्या त्या फोटोत त्याच महाविद्यालयाच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबत इस्लामबुली. त्यांना ‘पूर्व’ म्हणून एकत्र बसवले ते अमेरिकेने. पुणे, टोकियो आणि दमास्कस यांच्यात परस्परांना सांगण्यासारखे काय होते? कुठल्या भाषेत, तर इंग्रजीत. वर्गात रोज काय नेसत असतील आणि फोटोसाठी काय नेसले, हा प्रश्नसुद्धा एक कथा देऊ शकतो.

आजच्या काळातल्या कथेसाठी मोठे प्रसंग शोधू नयेत. न्यू जर्सीत मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेली आई आणि तिथली परिचारिका यांच्यात बाळाला तेल लावण्यावरून होणारा संवाद, किंवा पुण्यातील अभियंता आणि जर्मनीतील सहकारी यांच्यात एका नकाशातील चुकीवरून चाललेली व्हिडिओ बैठक, यात काम आहे, मुदत आहे, भाषा आहे आणि पगाराची तफावत आहे. नातवंड इथे बऱ्याचदा दुभाष्याचे काम करते, आणि तेही गाळून सांगते.

नववी पायरी : पुनर्लेखन

पहिला खर्डा काही दिवस बाजूला ठेवून मग पुढील क्रमाने वाचावा. प्रथम सगळी विशेषणे तपासावीत. ‘साधाभोळा’, ‘शिस्तप्रिय’, ‘गूढ’, ‘मोकळा’, ‘यांत्रिक’ ही विशेषणे माणसाची नसून गटाची असतात. ती काढल्यावर वाक्य रिकामे झाले तर ते वाक्यच काढावे. नंतर प्रश्नचिन्हे मोजावीत. सगळे प्रश्न साहेबच विचारत असेल आणि बाकीचे नुसती उत्तरे देत असतील, तर कथेत भेट नाही, चौकशी आहे. कुंभारालाही साहेबाच्या टोपीविषयी, जोड्यांविषयी किंवा देशातल्या विटांविषयी कुतूहल असू द्यावे. यानंतर एक दृश्य दुसऱ्या पात्राच्या नजरेतून स्वतंत्र कागदावर लिहून पाहावे. ते छापायचे नसते; त्या पात्राला आपण किती ओळखतो हे त्यातून कळते, आणि बहुतेकदा एखादी ओळ मूळ कथेत आणण्यासारखी निघते.

खर्डा दोघांना वाचायला द्यावा : एक त्या कामातला जाणकार आणि एक त्या समाजातला. इथे एखादा शल्यविशारद आणि वीटभट्टीवर काम केलेला एखादा माणूस. पहिला सांगेल की कातडी किती पीळ सहन करते; दुसरा सांगेल की ओल्या मातीचे हात इतक्या सहज धुऊन निघत नाहीत.

खऱ्या व्यक्तींच्या नावांबाबत एक नियम कडकपणे पाळावा. क्रूसो, फिंडले, वेल्स, मॅलेट ही नोंदलेली माणसे आहेत; त्यांच्या नावावर कल्पित लबाडी किंवा क्रौर्य खपवू नये. तसे कृत्य कथेला हवे असेल तर पात्राला कल्पित नाव द्यावे, किंवा नुसते ‘साहेब’ म्हणावे. गाडीवानाचे नाव इंग्रज कानाने ऐकून लिहिलेले आहे, त्यामुळे तिथे लेखकाला थोडी मोकळीक आहे.

दिवाळी अंकाकडे किंवा मासिकाकडे कथा पाठवताना संपादकांसाठी स्वतंत्र कागदावर तीन-चार ओळींची टीप जोडावी : १७९४ चे पत्र, शस्त्रक्रियेच्या पायऱ्या, पेन्शन आणि चित्र या गोष्टी नोंदलेल्या आहेत, दुभाष्या, भट्टी, अंगण आणि सगळे संवाद कल्पित आहेत. ही टीप कथेसोबत छापायची की नाही, ते संपादकांवर सोडावे.